चार शहरं, एक थांबा: ऑनलाइन डिझाइन थिंकिंग वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार. आखणी

डिझाइन थिंकिंग, म्हणजे आधी माणसांचं ऐकून-पाहून, मग ओबडधोबड नमुने करून आणि ते तपासून उपाय शोधायची पद्धत. विद्यार्थी २४: पुणे, नैरोबी, हॅनोई आणि ड्रेस्डेन इथले प्रत्येकी सहा. वर्ग दर बुधवारी, ९० मिनिटांचा. मार्गदर्शक चार, म्हणजे प्रत्येक गटाला एक. तांत्रिक बाजू सांभाळायला वेगळी एक व्यक्ती. हे काम मार्गदर्शकाकडेच ठेवलं तर पहिली वीस मिनिटं 'आवाज येतोय का' यातच जातात.

गट कसे पाडायचे यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिला विचार असा होता की चौघांचे सहा गट करावेत आणि प्रत्येक गटात प्रत्येक शहरातला एकेक जण असावा. कागदावर ही मांडणी फार सुरेख दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपल्या शहराचा एकटा प्रतिनिधी ठरतो, अडलेला शब्द विचारायला शेजारी कुणी नसतं आणि ज्याचं इंग्रजी सराईत तोच बोलत राहतो. म्हणून आता सहा जणांचे चार गट. प्रत्येक गटात तीन शहरांच्या तीन जोड्या आणि एक शहर गैरहजर. चार शहरांच्या मिळून बारा जोड्या होतात आणि चार गटांत त्या चोख बसतात. जोडीने आधी आपल्या भाषेत बोलायचं, मग गटात इंग्रजीत मांडायचं. गटात नसलेल्या चौथ्या शहराचा उपयोग शेवटी होईल: चाचणीसाठी तिथले लोक त्या गटाला कोरे मिळतील.

टप्प्यांसाठी पॉट्सडॅमच्या हासो प्लाटनर संस्थेत वापरतात ती सहा टप्प्यांची मांडणी घेतली: समजून घेणं, निरीक्षण, प्रश्न मांडणं, कल्पना, नमुना, चाचणी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पाच टप्प्यांच्या मांडणीत पहिले दोन एकत्र आहेत. चार शहरांच्या वर्गात ते वेगळे ठेवणं गरजेचं वाटतं, कारण 'आपल्याला हे माहीतच आहे' हा समज पहिल्याच टप्प्यात उघडा पडायला हवा.

विषय: सार्वजनिक वाहनाच्या थांब्यावर वाट पाहणं. चारही ठिकाणी हा रोजचा अनुभव आहे आणि सध्या तो ढवळून निघालाय. ड्रेस्डेनमध्ये ११ सप्टेंबरच्या पहाटे कॅरोला पुलाचा ट्रामचे रूळ असलेला भाग नदीत कोसळला. हॅनोईत ८ ऑगस्टला मेट्रोचा न्योन ते काउ झाय हा टप्पा सुरू झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला यागी वादळ व पूर येऊन गेला. पुण्यात मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा आता उघडण्याच्या बेतात आहे.

वेळ जागतिक प्रमाणवेळेने दुपारी १२: ड्रेस्डेन २, नैरोबी ३, पुणे साडेपाच, हॅनोई संध्याकाळी ७.

सुट्ट्या आधीच तपासल्या. ३० ऑक्टोबरला दिवाळी, वर्ग नाही. २० नोव्हेंबरचा बुधवार ड्रेस्डेनला सुट्टीचा आहे (प्रार्थना आणि पश्चात्तापाचा हा दिवस जर्मनीत फक्त सॅक्सनी राज्यात सार्वजनिक सुट्टीचा असतो) आणि त्याच दिवशी हॅनोईत शिक्षक दिनाचे कार्यक्रम असतात. तोही वगळला.

२५ सप्टेंबर, बुधवार. साधनांची चाचणी

जुने सगळे नमुना-फलक, म्हणजे सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या लावायचे ऑनलाइन फलक, गूगल जॅमबोर्डवर होते. ते १ ऑक्टोबरपासून फक्त पाहता येतील, बदलता येणार नाहीत. वर्षअखेरीस सेवाच बंद. सगळं मिरो या तशाच दुसऱ्या सेवेवर हलवलं. आपोआप आयात केलेल्या फलकांवर चिठ्ठ्यांचे आकार बिघडले, म्हणून चौकटी हाताने पुन्हा आखल्या.

फोनवरून जोडलेल्यांना मोठा फलक झेपत नाही. चिठ्ठी हलवायला जावं तर सगळा फलकच सरकतो. उपाय म्हणून प्रत्येक टप्प्याचा छोटा, वेगळा फलक केला, त्यावर एकही छायाचित्र आधी टाकलं नाही आणि चौकटींना कुलूप लावलं. शिवाय प्रत्येक गटासाठी एक साधी सामायिक स्लाइड-फाइल ठेवली: दर माणशी एक स्लाइड, नाव आधीच घातलेलं. फलक अडकला की त्याच क्षणी तिकडे वळायचं, दुरुस्तीची वाट पाहायची नाही.

व्हिडिओ सुरू ठेवला तर गटाच्या कॉलला तासाला साधारण एक जीबी डेटा जातो. फक्त आवाज ठेवला तर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणून कॅमेरा पहिली पाच मिनिटं आणि नमुना दाखवताना. एरवी बंद असला तरी हरकत नाही. 'कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही' ही समजूत मार्गदर्शकांनी सोडायची आहे. ज्याचा डेटा मोजून-मापून भरलेला असतो त्याच्यावर तो सरळ अन्याय आहे.

नावांचा घोळ लगेच दिसला. व्हिएतनामी नावात आडनाव आधी आणि हाक मारायचं नाव शेवटी. यादी पहिल्या शब्दावरून लावली तर तीन जण नुसते 'न्विएन' दिसतात. आता प्रत्येकाने पडद्यावर स्वतःच लिहायचं: हाक मारायचं नाव आणि शहर. शिक्षकांना काय म्हणायचं हेही मोकळं सोडलं. पुण्याच्या मुलांना 'सर', 'मॅडम' सुटत नाही. व्हिएतनामी बोलताना 'मी' आणि 'तुम्ही' यांसाठी वयानुसार नात्याचेच शब्द वापरावे लागतात, आपल्या दादा-ताई-काकासारखे, पण त्यांना टाळताच येत नाही इतके. 'सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारा' असा आदेश दिला की अशी मुलं बोलायचीच कमी होतात. लेखी चिठ्ठ्यांवर मात्र नाव नाही. तिथे वय, मान, पद काही दिसत नाही, आणि नेमकं तेच हवंय.

९ ऑक्टोबर, बुधवार. समजून घेणं

सुरुवातीला २० मिनिटांचा सराव. चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याबद्दल प्रश्नांची एक लांबलचक मालिका आहे: पाणी किती मावतं, भरलेला आणि रिकामा तोल कसा राहतो, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जातो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का. त्याच अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. सराव असा: घरातलं पाणी साठवायचं किंवा न्यायचं एक भांडं कॅमेऱ्यासमोर आणा आणि त्याच्याबद्दल पाच प्रश्न लिहा. उत्तरं नकोत.

पुण्याकडून तांब्या आणि कळशी, नैरोबीहून २० लिटरचा पिवळा जेरीकॅन, हॅनोईहून गरम पाण्याचा थर्मास, ड्रेस्डेनहून अनामत भरून आणलेल्या बाटल्यांचा क्रेट. प्रश्नांत पहिल्यांदा फक्त आकार आणि पकड होती. मार्गदर्शकाने एवढंच विचारलं, 'हे भरतं कोण?' त्यानंतर प्रश्न बदलले: किती वाजता, कुठून, किती वेळ उभं राहून, भरलेलं कोण उचलतं. जेरीकॅनला झाकण का लागतं आणि क्रेटला परतीची पावती का लागते, हे एकाच रांगेत आलं.

हा सराव ओळखीच्या खेळापेक्षा बराच सरस आहे. 'स्वतःबद्दल एक गमतीची गोष्ट सांगा' म्हटलं की निम्मी मुलं संकोचतात. भांड्याबद्दल सगळेच बोलतात.

घरचा अभ्यास: प्रत्येकाने थांब्यावर दोन मुलाखती घ्यायच्या, स्वतःच्या भाषेत, १५ मिनिटांपेक्षा लांबवायच्या नाहीत. ध्वनिमुद्रणाला तोंडी परवानगी मागायची आणि ती परवानगीही मुद्रित करायची. चेहऱ्यांची छायाचित्रं सामायिक फलकावर नकोत. युरोपच्या माहिती-संरक्षण नियमांमुळे ड्रेस्डेनवाल्यांना हे बंधन आहेच, तेच चारही शहरांना लावलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार. निरीक्षण

आज आमचीच चूक सापडली. मुलाखतीच्या प्रश्नावलीत दुसराच प्रश्न होता: 'गाडीला उशीर झाला की तुम्ही काय करता?'

ड्रेस्डेनमध्ये या प्रश्नाला अर्थ आहे. थांब्यावर वेळापत्रक आहे, किती मिनिटांत गाडी येणार ते सांगणारा फलक आहे. तेवढी मिनिटं उलटली की उशीर. नैरोबीत मटाटू, म्हणजे तिथली खासगी प्रवासी व्हॅन, सुरुवातीच्या थांब्यावरून, ज्याला तिथे 'स्टेज' म्हणतात तिथून, सहसा भरल्यावरच निघते. चौदा आसनांपैकी नऊ भरली असतील तर पाच माणसांची वाट. तिथे उशीर कशाच्या तुलनेत मोजणार? नैरोबीच्या जोड्यांच्या चिठ्ठ्यांवर लोकांनी मिनिटांबद्दल फार कमी आणि आसनांबद्दल बरंच सांगितलेलं आहे: आत किती जण बसलेत, त्यातले खरे प्रवासी किती आणि गाडी भरल्यासारखी दिसावी म्हणून बसवलेले किती, पाऊस आला तर भाडं कितीवर जाईल.

पुण्यातल्या चिठ्ठ्यांत माणसं एकमेकांना विचारताना दिसतात: 'मागची कधी गेली?' वेळापत्रकापेक्षा थांब्यावर आधीपासून उभ्या असलेल्या माणसाचा शब्द भरवशाचा. हॅनोईत बसकडे पाहत असतानाच दुसरा पर्याय खिशात तयार असतो: घरचं कुणी मोटरसायकलवर घ्यायला येईल का, नाहीतर भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसायचं.

म्हणजे एकाच प्रश्नाने चार निरनिराळ्या गोष्टी विचारल्या गेल्या, आणि त्या सगळ्यांना इंग्रजीत 'उशीर' असं एकच नाव मिळालं. हे इंग्रजी कच्चं असल्यामुळे झालेलं नाही. प्रश्नातच एका शहराचं वेळापत्रक लपलेलं होतं.

फलकावर नवीन रकाना काढला: 'इथे वाट कशात मोजतात?' ड्रेस्डेन: मिनिटं. नैरोबी: रिकामी आसनं. पुणे: मागची गाडी जाऊन किती वेळ झाला. हॅनोई: दुसरा पर्याय किती जवळ आहे. हा रकाना भरायला प्रत्येक जोडीला १२ मिनिटं दिली आणि सबंध वर्गातली सगळ्यात जिवंत चर्चा तिथे झाली. पुढच्या वेळी तो पहिल्याच दिवशी ठेवायचा.

पुण्याच्या चिठ्ठ्यांवर तारीख नाही, हेही आज लक्षात आलं. भुयारी टप्पा २९ सप्टेंबरला सुरू झाला. स्वारगेटच्या थांब्याबद्दल कुणी आठवणीतून त्याआधीचं सांगितलं असेल तर ते वेगळं ठेवायला हवं. ड्रेस्डेनलाही तेच: पुलाआधी आणि पुलानंतर.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. चिठ्ठीची दुरुस्ती

नैरोबीच्या एका चिठ्ठीवर 'रोज नऊ वाजता थांब्यावर येते' असं होतं आणि खाली दुपारच्या उन्हाचं वर्णन. मूळ ध्वनिमुद्रणात बाई 'सा तिसा' म्हणाल्या. शब्दशः ते 'नववा तास' आहे, पण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात म्हणजे पहिला तास. सा तिसा म्हणजे दुपारचे तीन. भाषांतराच्या यंत्राने शब्द बरोबर दिला आणि वेळ सहा तासांनी चुकवली.

यापुढे प्रत्येक चिठ्ठी तीन ओळींची:
पहिली ओळ, बोललेलं वाक्य जसंच्या तसं, त्याच भाषेत, त्याच लिपीत.
दुसरी ओळ, शब्दशः अर्थ.
तिसरी ओळ, जोडीने लावलेला अर्थ, आणि तो तसा का लावला.

मराठीतलं उदाहरण सगळ्या गटांना पाठवलं. 'येईलच आता' याचं यंत्राने केलेलं इंग्रजी नुसतं 'ती आता येईल' असं होतं. त्या 'च'मध्ये आशा आहे, थोडी स्वतःची समजूत आहे आणि अर्धा तास उभं राहिल्याचा शीणही आहे. रचनाकाराला नेमकी तीच गोष्ट हवी असते. ती तिसऱ्या ओळीत लिहायची.

नैरोबीतल्या बऱ्याच मुलाखती शेंगमध्ये आहेत, म्हणजे स्वाहिली, इंग्रजी आणि इतर भाषांच्या शहरी मिश्रणात. बोललेलं आपोआप लिहून काढणारी साधनं तिथे साफ कोलमडतात. पूर्ण मुलाखत लिहून मागायची नाही. १५ मिनिटांतली फक्त पाच वाक्यं निवडून हाताने लिहायची. हाच नियम सगळ्यांना.

२३ ऑक्टोबर, बुधवार. प्रश्न मांडणं

नेहमीचा साचा असा: 'अमुक वापरकर्त्याला तमुक हवंय, कारण अमुक.' त्यात माणूस एकटा असतो. चिठ्ठ्यांत तो एकटा नाहीच. शाळेतल्या मुलाने कोणत्या बसने यायचं ते आई ठरवते. आजोबांना थांब्यावर सोडायला नातू येतो आणि बस निघेपर्यंत उभा राहतो. रात्री मुलगी थांब्यावर असते तेव्हा घरीही कुणीतरी वाट पाहत असतं.

साचा बदलून तीन जागा केल्या: जाणारी व्यक्ती, सोबतची व्यक्ती, घरी वाट पाहणारी व्यक्ती. एखादी जागा रिकामी राहिली तर चालेल, पण ती रिकामी आहे हे लिहायचं. ड्रेस्डेनच्या जोडीने सोबतची आणि घरची, दोन्ही जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. हॅनोईच्या जोडीने विचारल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं आणि घरच्या जागेवर एक नाव आलं: मुलाखतीतल्या बाई ट्राममध्ये चढताच आईला संदेश पाठवत होत्या. प्रश्नावलीत ते विचारलंच नव्हतं, म्हणून चिठ्ठीत उतरलं नव्हतं.

'क' गटाचा प्रश्न शेवटी असा ठरला: 'गाडी कधी येणार हे कळत नसताना, थांब्यावरच्या आणि घरच्या अशा दोघांनाही पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं हे ठरवता येईल, असं आपल्याला काय करता येईल?' चांगला प्रश्न आहे. त्यात मिनिटं नाहीत, फलक नाही, ॲप नाही.

मार्गदर्शकांसाठी: प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. पहिल्या तीन सेकंदांत जे बोलतात ते नेहमीचेच असतात. नंतर यादीने एकेकाचं नाव घ्या. 'पुढे जा' म्हणायची मुभा प्रत्येकाला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

काल, २७ तारखेला, जर्मनीत घड्याळं एक तास मागे गेली. कॅलेंडरचं आमंत्रण ड्रेस्डेनच्या खात्यावरून काढलेलं होतं, त्यामुळे ते तिथल्या दुपारी दोनला चिकटून राहिलं आणि पुण्यात साडेसहा, नैरोबीत चार, हॅनोईत रात्रीचे आठ झाले. आमंत्रण रद्द करून भारतीय वेळेच्या खात्यावरून नव्याने काढलं. भारत, केनिया, व्हिएतनाम यांपैकी कुठेच घड्याळ बदलत नाही, म्हणून आमंत्रण या तिघांपैकी एका ठिकाणाहूनच काढावं. आता फक्त ड्रेस्डेनची वेळ बदलते: दुपारी १.

६ नोव्हेंबर, बुधवार. कल्पना

तोंडी विचारमंथन ठेवलंच नाही. एक बोलत असताना बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता स्वतःची कल्पना विसरतात. परक्या भाषेत तर दुप्पट. त्याऐवजी बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ साली मांडलेली ६-३-५ पद्धत: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद पुढच्याकडे. सहा फेऱ्या पूर्ण झाल्या तर अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात. आमचे गट सहाचेच, म्हणून ती चपखल बसते.

दोन बदल केले. पहिली फेरी पाचऐवजी आठ मिनिटांची आणि फेऱ्या सहाऐवजी चार. पाचव्या फेरीपासून त्याच त्या कल्पना शब्द बदलून येतात, हे सरावात दिसलं होतं. दुसरं म्हणजे चित्र किंवा शब्द, काहीही चालेल, भाषा कोणतीही. जोडीतला दुसरा फेरीच्या शेवटी एका ओळीत इंग्रजी अर्थ लिहील.

चित्रांसाठी कागदच बरा. ए-फोर कागदाला तीन घड्या घातल्या की आठ चौकटी होतात. पेन्सिल नको: फोनच्या छायाचित्रात ती पुसट येते. काळं स्केचपेन, खिडकीजवळचा उजेड, फोन कागदाच्या बरोबर वर.

मतदान: प्रत्येकाला तीन मतं, त्यातलं निदान एक दुसऱ्या जोडीच्या कल्पनेला. मतं संपेपर्यंत कुणालाच दिसू नयेत, ही सोय फलकात आहे. आधी उघड मतदान करून पाहिलं होतं तेव्हा वयाने मोठ्या विद्यार्थ्याच्या ठिपक्यामागोमाग बाकीचे ठिपके पडत गेले.

चिठ्ठ्यांचे रंग फक्त टप्पा दाखवायला वापरायचे. लाल म्हणजे चूक हे ड्रेस्डेनला सहज वाटतं. हॅनोईत लाल शुभ, पुण्यात कुंकवाचा.

१३ नोव्हेंबर, बुधवार. नमुने

चारही शहरांत एकच प्रमाण: १:२०. १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस आठ सेंटिमीटरचा, २.४ मीटर उंचीचं छत १२ सेंटिमीटरवर. साहित्य घरातलं: पुठ्ठा, कात्री, डिंक, चिकटपट्टी आणि जाड कागदाची कापलेली तीन माणसं. एक उभं, एक बसलेलं, एक मूल. प्रमाण एकच असलं की एका शहरातला माणूस दुसऱ्या शहरातल्या थांब्याशेजारी पडद्यावर ठेवता येतो.

छायाचित्र वरून काढू नये. वरून सगळेच थांबे सुबक दिसतात. उभ्या माणसाची नजर या प्रमाणात साधारण साडेसात सेंटिमीटरवर येते. फोन उलटा धरा म्हणजे कॅमेरा टेबलाच्या जवळ येतो, आणि त्या उंचीवरून काढा. 'ब' गटाला तेव्हाच कळलं की त्यांचा माहितीफलक बसलेल्या बाईला दिसतच नाही, समोर उभ्या माणसाची पाठ येते.

नैरोबीच्या जोडीने पुठ्ठाच वापरला नाही. त्यांनी मकांगा, म्हणजे मटाटूचा वाहक, काय ओरडेल याचे सहा आवाज मुद्रित करून आणले: मार्ग, भाडं, उरलेली आसनं. हा पूर्ण नमुना आहे आणि तो तसाच स्वीकारला. नमुना म्हणजे वस्तूच असली पाहिजे, असं सूचनेत लिहिलेलं होतं. ते वाक्य काढलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

वर्ग नाही. ऑक्टोबरच्या मध्यात जाहीर झाल्याप्रमाणे महाराष्ट्रात आजच विधानसभेचं मतदानही आहे, त्यामुळे पुणेही सुट्टीवर. चाचणीची सूचनापत्रं पाठवली, नेहमीसारखी तीन ओळींची: काय करायचं, किती मिनिटं, शेवटी फलकावर काय असायला हवं. सूचना किमान २४ तास आधी पोचली तर जोड्या ती आपापल्या भाषेत समजून घेऊन येतात.

२७ नोव्हेंबर, बुधवार. चाचणी

प्रत्येक गटाने आपल्यात नसलेल्या चौथ्या शहरातल्या लोकांपुढे नमुना ठेवला.

चाचणीतला मोठा अडथळा म्हणजे सौजन्य. एकच नमुना दाखवून 'कसा वाटला?' विचारलं की पुण्यात 'छान आहे' येतं. हॅनोईत नम्र 'झा' येतो, ज्याचा अर्थ 'ऐकतोय' इतकाच असू शकतो. होकार धरायचं कारण नाही. ड्रेस्डेनमध्ये थेट तीन दोष येतात आणि बनवणारी मुलं हिरमुसतात. म्हणून दोन नमुने एकदम दाखवायचे, दोन्ही सारखेच ओबडधोबड. तुलना करताना माणसाला कुणाचं मन दुखावल्यासारखं वाटत नाही. आणि मत न विचारता काम द्यायचं: 'पाऊस आहे, हातात पिशवी आहे, मुलगा सोबत आहे. आता काय कराल, बोटाने दाखवा.' बोट कुठे थबकलं ते लिहायचं.

'क' गटाच्या दोन नमुन्यांपैकी पुठ्ठ्याचा माहितीफलक ड्रेस्डेनला आवडला, पण काम दिल्यावर बोट दोन्ही वेळा आवाजाच्या नमुन्याकडे गेलं. पुलानंतर बदललेले मार्ग फलकावर शोधण्यापेक्षा कुणी ओरडून सांगितलेलं बरं, असं कारण चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत जर्मनमध्ये आहे. तिसरी ओळ अजून भरायची आहे, ती ड्रेस्डेनच्या जोडीने नैरोबीच्या जोडीसोबत बसून भरायची, शुक्रवारपर्यंत.

उरलेली कामं: सगळे फलक पीडीएफमध्ये उतरवून प्रत्येक शहराला एक प्रत. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ३१ डिसेंबरला पुसायची, परवानगी तेवढ्याच मुदतीची घेतली होती. जॅमबोर्डवर राहिलेल्या जुन्या फायली त्याआधी काढून घ्यायच्या. प्रश्नावलीतला दुसरा प्रश्न बदलला: 'इथे उभं असताना तुम्ही कशाकडे पाहता?'